अर्ध्या फ्रेमचा कॅमेरा आणि झरीचा बांध

तालुका वार्ताहराचा सर्वांत जास्त वेळ बातमी मिळवण्यात जातो, असा समज आहे. तो खरा नाही. डहाणू आणि तलासरी हे दोन तालुके मी एका दैनिकासाठी बरीच वर्षे सांभाळले. माझा सर्वांत जास्त वेळ लोकांचे डोळे एकाच वेळी उघडे सापडण्याची वाट पाहण्यात गेला. बातमीत नाव चुकले तर माणूस दुसऱ्या दिवशी फोन करतो. फोटोत डोळे मिटलेले आले तर तो घरी येतो.

या कामाचे स्वरूप बाहेरच्यांना थोडक्यात सांगता येते. तालुका वार्ताहर हाच बातमीदार, तोच छायाचित्रकार, तोच टंकलेखक, आणि छापून आल्यावर शिव्या खाणाराही तोच. फिल्मच्या काळात छत्तीस फोटोंचा एक रोल पंधरा दिवस पुरवावा लागे. एका कार्यक्रमाला एक फोटो, मंत्री आला तर दोन. रोल पाकिटात घालून एसटीच्या कंडक्टरच्या हाती द्यायचा आणि फोटो कसा आला ते पेपर आल्यावर पाहायचे. सगळेच तेव्हा पाहत असल्याने तक्रारीला वेळ उरत नसे.

पुढे डिजिटल कॅमेरा आला आणि त्याच्या पाठीला पडदा आला. माझ्या धंद्याचे जेवढे नुकसान त्या पडद्याने केले तेवढे कोणी केले नाही.

२०१६ च्या उन्हाळ्यात रानशेतजवळच्या एका पाड्यावर हातपंपाचे उद्घाटन होते. पंपाच्या दांड्यावर सात जणांचे हात होते. मी फोटो काढला.

"दाखवा," प्रमुख पाहुणे म्हणाले.

दाखवला.

"माझा हात कुठंय?"

"या तीन हातांच्या खाली."

"म्हणजे नाही. परत काढा."

दुसऱ्या फोटोत त्यांचा हात वर आला आणि दुसऱ्या कोणाचा तरी खाली गेला. तिसऱ्यात एकाचे डोळे मिटले. चौथ्यात सगळे डोळे उघडे होते, पण पाणी पडत नव्हते. पाणी पडताना हवे, म्हणून सातही जण जोर लावून दांडा मारू लागले. नवव्या फोटोनंतर पंपाने पाणी देणे बंद केले. हंडा घेऊन सकाळपासून बसलेली एक बाई उठली आणि म्हणाली, "तुमचे डोळे उघडे आले ना सगळ्यांचे? आता आमचा हंडा कसा भरायचा ते पण दाखवा."

ही बातमी मी दिली नाही, कारण कार्यक्रम उद्घाटनाचा होता. घरी येताना मात्र ठरवले, की इथून पुढे पाठीला पडदा नसलेला कॅमेरा वापरायचा.

त्या सुमारास रविवारच्या पुरवणीत माझे सायकलवरून फिरण्याचे सदर सुरू झाले होते. दर आठवड्याला एक गाव, एक माणूस, दोन फोटो. मोटारसायकलने गेले की पाड्यावरची कुत्री भुंकतात आणि माणसे सावध होतात. सायकलने गेले की दोघेही तसेच बसून राहतात. पुरवणी पाहणाऱ्या सावंतबाईंना मी फोनवर फिल्मचा विचार सांगितला. त्या म्हणाल्या, "फिल्मवर काढा नाहीतर कोळशाने काढा. बुधवारी संध्याकाळी सहाला दोन फोटो माझ्या टेबलावर पाहिजेत."

डहाणूत जुना कॅमेरा मिळण्याचे एकच ठिकाण होते. जयंतीभाईंचा फोटो स्टुडिओ बंद होऊन काही वर्षे झाली होती, पण आतले काचेचे कपाट तसेच होते. त्यात दुरुस्तीला आलेले आणि पुन्हा कोणी न नेलेले कॅमेरे ओळीने बसलेले होते. जयंतीभाई सत्तरीचे. मराठी बोलताना अधूनमधून गुजरातीत उतरायचे आणि चहा पिऊन परत वर यायचे.

"हवा तो घेऊन जा ने," ते म्हणाले. "पण मालक आला तर पाछा द्यावा लागेल."

"शेवटचा मालक कधी आला होता?"

"अजून तर एक पण नाय आला. पण येऊ शके ने!"

दर आठवड्याला एक कॅमेरा न्यायचा, सदराचे फोटो त्याने काढायचे आणि रविवारी परत आणून निकाल सांगायचा, असे ठरले. सायकलवर वापरायच्या कॅमेऱ्याची परीक्षा दुकानात होत नाही. दुकानात सगळे कॅमेरे चांगले असतात. परीक्षा होते ती खड्ड्यात, घामात आणि एक पाय जमिनीवर टेकून उभे असताना.

पहिला नेला तो आरशाचा मोठा कॅमेरा, एसएलआर. काच उत्तम, आवाज भारदस्त. वजन एवढे, की गळ्यात अडकवला तर माणूस आपोआप नम्र होतो. चढावर तो पोटाशी शांत बसला. उतारावर प्रत्येक खड्ड्याला छातीवर आपटू लागला. संध्याकाळी माझ्या पत्नीने, सुमनने, छातीवरचा निळा डाग पाहिला आणि विचारले, "कोणाच्या विरोधात छापलं होतं?"

दुसरा घडीचा. झाकण उघडले की पेटीच्या भात्यासारखा काळा भाता पुढे यायचा आणि मिटला की खिशात जायचा. सायकलला याहून योग्य काय? पण समुद्राच्या खाऱ्या हवेने भात्याला बारीक भोके पडली होती, आणि ती आधी दिसली नाहीत. खाडीवरच्या फोटोत आकाशात प्रकाशाचे तीन गोळे आले. सावंतबाईंचा फोन आला. "तुमच्या डहाणूला किती सूर्य उगवतात?"

तिसरा चांगला होता. त्याच्या खिडकीत माणसाच्या दोन प्रतिमा दिसत. कडे फिरवून त्या एकमेकांवर आणल्या की नेम बरोबर लागे. वजन माफक. मी तो हँडलच्या पिशवीत ठेवला, आणि ही माझी चूक. हँडलला बसणारे हादरे कॅमेऱ्याचे स्क्रू मोजून ढिले करतात. रानशेतच्या रस्त्यावर भिंगाची पुढची कडी हलू लागली. स्क्रू पडला होता. मी रस्त्यावर बसून शोधू लागलो. काही वेळाने आजूबाजूला आठ माणसे बसून शोधत होती.

"काय सांडलं, दादा?"

"स्क्रू."

"केवढा?"

मी तांदळाच्या कणीएवढा दाखवला. तरी शोधणे कोणी थांबवले नाही. शेवटी एका म्हाताऱ्याने एसटीच्या चाकाचा पडलेला नट आणून माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाला, "हा मोठा हाय. हा घ्या." तो नट अजून माझ्या टेबलावर कागद दाबायला आहे.

यातून एक गोष्ट शिकलो. कॅमेरा सायकलवर ठेवायचा नसतो, सायकलवाल्यावर ठेवायचा असतो. माणसाचे अंग हादरे शोषून घेते, लोखंड घेत नाही. बाजारातल्या एका शिंप्याकडून जुन्या गोधडीचा तुकडा आत घालून कमरेला बांधायची पिशवी शिवून घेतली. त्या पिशवीत बसेल असा कॅमेरा मग कपाटात शोधला.

तो साबणाच्या वडीपेक्षा थोडा मोठा होता. जपानी, अर्ध्या फ्रेमचा. नेहमीच्या फिल्मवर जिथे एक आडवा फोटो बसतो, तिथे हा दोन उभे फोटो शेजारी शेजारी बसवतो. म्हणून छत्तीसच्या रोलवर बहात्तर. दोन फोटोंच्या मध्ये फिल्मची अरुंद पट्टी कोरी राहते आणि कागदावर ती काळी रेघ होऊन येते. या रेघेला पुढे काम आहे, वाचकांनी ती लक्षात ठेवावी.

त्याला बॅटरी लागत नव्हती. भिंगाभोवतीच्या जाळीदार काचेवर उजेड पडला की तो स्वतःच हिशेब करायचा. नेम धरण्याची भानगड नव्हती, चार पावलांपलीकडचे सगळे स्पष्ट. उजेड पुरेसा नसेल तर खटका दाबला जात नसे आणि खिडकीत खालून एक लाल पट्टी वर येई. जयंतीभाई तिला जीभ म्हणत.

"बहु स्वाभिमानी कॅमेरा हाय," ते म्हणाले. "अंधारात काम सांगितलं तर जीभ दाखवते."

नोकरीत इतकी वर्षे मला जे जमले नव्हते, ते या कॅमेऱ्याला जमत होते. मी तो ठेवून घेतला. हे त्याच वर्षीचे.

त्यात घातलेल्या पहिल्याच रोलवर, पावसाळा संपून भात पिवळे पडले असताना, मी तलासरी तालुक्यातल्या झरीला गेलो. एका म्हातारीकडे भाताचे जुने बियाणे टिकून आहे, असे कळले होते. डहाणूहून सायकलने पोहोचायला दोन तास लागले.

तिचे नाव बारकी. तिला सगळे बारकीआजी म्हणत. वय तिलाही ठाऊक नव्हते. पेंढ्याच्या दोरांनी घट्ट बांधलेल्या मुड्यांत ती दर वर्षी बियाणे राखायची आणि आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या आधी, रोपे करायला, दोन्ही मुलांना निम्मे निम्मे द्यायची. मुले लख्मा आणि देवजी. दोघांची घरे एकमेकांना दिसत. मधे दोघांची शेते आणि शेतांच्या मधे बांध. त्या बांधावरून दोघे सहा वर्षे एकमेकांशी बोलत नव्हते. आजी एका अवसेपासून दुसऱ्या अवसेपर्यंत एकाकडे राहायची, मग पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन दुसऱ्याकडे. त्या महिन्यात ती धाकट्या देवजीकडे होती.

त्या घरांतली बोली मी इथे सोपी करून लिहितो आहे. आशय बदललेला नाही.

मुड्यांचा फोटो काढायला मी घरात गेलो. कॅमेऱ्याने जीभ काढली. आजीचा काढू म्हटले तर तिने पदर तोंडावर घेतला.

"माझा नको. मी मला बघून काय करू? तू फोटो काढतो ना, मग माझ्या दोन्ही पोरांचा काढ. एका कागदावर."

"दोघं एकत्र उभे राहतील?"

"राहिले असते तर तुला कशाला सांगितलं असतं?"

मी वही काढली. ती सावकाश बोलत होती. "मला आता लांबचं दिसत नाय. इथं असले की लख्माचं तोंड आठवून आठवून आणावं लागतं. तिकडं गेले की याचं. आणि ज्याच्या घरी असेन तिथं दुसऱ्याचं नाव काढायची बंदी. एक कागद असला तर डोळ्याजवळ धरीन. दोघं दिसतील. नाव काढायला नको."

"बघू," मी म्हणालो.

वार्ताहराच्या भाषेत 'बघू' म्हणजे नाही. आजीला ही भाषा येत नव्हती. "बघ," ती म्हणाली आणि अंगणात बसून बघू लागली.

मी आधी थोरल्याकडे गेलो. लख्मा पागोटे बांधून बांधाशीच उभा होता. दर वर्षी आवणीच्या आधी बांध साफ करताना दोघेही आपापल्या बाजूने फावड्याची एकेक कड काढत आले होते. बांध इतका बारीक झाला होता, की त्याच्यावर खेकड्यालाही सरळ चालावे लागले असते.

"फोटो काढा," लख्मा म्हणाला. "पण माझा एकट्याचा. त्याची सावलीसुद्धा नको."

"तो शंभर पावलांवर आहे."

"सकाळची सावली लांब पडते."

मी शब्द दिला. फोटो काढला. वहीत नोंद केली: एक्केचाळीस, लख्मा.

मग देवजीला बोलावले. तो डोक्यावर टोपी घालून आला आणि लख्मा नजरेआड होईपर्यंत आंब्याखाली थांबला.

"दादा कुठं उभा होता?"

"बांधाला लागून."

"मग मी पण लागूनच उभा राहणार. नाहीतर उद्या पेपर दाखवून म्हणेल, बांध माझा." तो जागेवर आला, पण समाधान झाले नव्हते. "त्यानं कुठला पाय पुढं ठेवला होता?"

"पाहिलं नाही."

"पेपरवाले, मग तुम्ही बघता काय?" त्याने दोन्ही पाय पुढे ठेवण्याचा प्रयत्न केला. "आणि एकट्याचाच हं. शब्द द्या."

मी त्यालाही शब्द दिला. बेचाळीस, देवजी. निघताना आजीने विचारले, "काढला दोघांचा?" मी म्हणालो, "काढला." ही माहिती खरी होती. अर्धवट माहिती खरी असू शकते, हे धंद्यात फार लवकर कळते.

रोल संपला. जुन्या पद्धतीने पाकीट करून वापीच्या बसच्या कंडक्टरकडे दिले. वापीला रोल धुणारी एक लॅब अजून चालू होती. बुधवारी पाच वाजता लॅबमधून फोन आला, रोल तयार आहे. डहाणूहून जाऊन येण्याइतका वेळ नव्हता. मी त्यांना सांगितले, फोटो तिथूनच सावंतबाईंना ईमेल करा.

"एक्केचाळीस आणि बेचाळीस नंबर पाठवा."

"साहेब, रोल छत्तीसचा. बेचाळीस मी कुठून आणू?"

"बरं, शेतात दोन माणसं आहेत बघा. एक पागोट्याचा, एक टोपीचा."

"हां, आहेत."

"ते पाठवा. सहाच्या आत."

"गेले समजा."

नोकरीत मी न पाहिलेला फोटो डिजिटल आल्यापासून कधी छापायला पाठवला नव्हता. पडद्याचा कंटाळा येऊन मी ज्या काळात परत गेलो होतो, त्या काळाने माझी आठवण ठेवली होती.

रविवारी पेपर उघडला. अर्ध्या पानावर एकच मोठा फोटो होता. डावीकडे पागोटे बांधलेला लख्मा, उजवीकडे टोपीतला देवजी. मागे तेच पिवळे भात, तोच आंबा. फक्त आंबा दोनदा होता. दोघांच्या मधोमध वरपासून खालपर्यंत काळी रेघ. खाली ओळ: 'डावीकडून : लख्मा आणि देवजी. मध्ये त्यांचा बांध.'

लॅबच्या माणसाने अर्ध्या फ्रेमचा कॅमेरा कधी पाहिला नव्हता आणि त्याच्या यंत्रानेही पाहिला नव्हता. यंत्राने नेहमीच्या मापाने फिल्म छापली. दोन अर्धे मिळून एक.

सावंतबाईंचा फोन आला. "आला एकच, पण काय आलाय! बांध कसा काळाभोर, सरळ! इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुम्ही फोटो काढताना विचार केलेला दिसतो."

मी आभार मानले.

लॅबमधून आलेले पाकीट जयंतीभाईंनी दुकानात उघडून ठेवले होते. छत्तीस कागद, प्रत्येकावर दोन. एकावर डहाणूच्या बाजारातला न्हावी कात्री उगारून उभा, आणि शेजारी एका समारंभात हार घालून घेण्यासाठी मान खाली घातलेले प्रमुख पाहुणे. एकावर बोंबील वाळत घालणारी बाई आणि चिकूच्या पेटीवर बसलेले व्यापारी, आणि ते नाक मुरडताहेत असे वाटत होते. जयंतीभाई हसून हसून खुर्चीत खाली सरकले. झरीचा कागद हातात आला तेव्हा मात्र मी जयंतीभाईंना दोघा भावांना दिलेल्या शब्दाची हकीकत सांगितली. ते सरळ बसले.

"बे माणसाला बे शब्द, ने फोटो एक," ते म्हणाले. "मास्तर, थोडे दिवस झरी साइड जाऊ नका."

मी सोमवारी गेलो. चुकीची दुरुस्ती दुसऱ्या दिवशी करायची, हा नियम मी इतरांना पुष्कळ वेळा सांगितला होता. कागद आणि फिल्मची पट्टी कमरेच्या पिशवीत होती. कॅमेरा घरी ठेवला. झालेले पुरेसे होते.

झरीच्या नाक्यावरच्या चहाच्या टपरीवरून तो पेपर माझ्याआधी पोहोचला होता. बांधाच्या एका बाजूला लख्मा बसला होता, दुसऱ्या बाजूला देवजी. पेपर दोघांच्या मधे बांधावर पसरलेला होता. बांध पेपरपेक्षा बारीक असल्याने पेपर दोन्ही शेतांत लोंबत होता. आजी देवजीच्या अंगणातून तिकडे कान लावून बसली होती.

मी सायकल आडवी टाकून पोहोचलो तेव्हा लख्मा गवताच्या काडीने काळी रेघ मोजत होता.

"हे आले," तो म्हणाला. "पेपरवाले, माझं कोपर कुठं गेलं?"

खरे होते. त्याचे डावे कोपर रेघेशी संपले होते. "फोटोच्या बाहेर राहिलं असेल."

"बाहेर म्हणजे? त्याच्या बाजूला गेलं. रेघ माझ्याकडं सरकवलीय."

"तुझं कोपर माझ्याकडं नाय आलं," देवजी म्हणाला. "शोध पाहिजे तर."

सहा वर्षांत दोघे पहिल्यांदा एकमेकांशी बोलले. मी दुरुस्ती करायला आलो होतो, म्हणून ही नोंद तेव्हा घेतली नाही. आता घेतो आहे.

मी शक्य तितक्या सोप्या शब्दांत सगळे सांगितले. कॅमेरा अर्ध्याचा आहे, दोघांना वेगळे काढले होते, लॅबने जोडून छापले, चूक माझी. पटावे म्हणून पिशवीतली फिल्मची पट्टी काढून आकाशाकडे धरली. दोघे भाऊ माझ्या दोन खांद्यांवरून पाहू लागले. एका चौकटीत पांढऱ्या पागोट्याच्या जागी काळे पागोटे, दुसऱ्या चौकटीत काळी टोपी, मधे काचेसारखी कोरी पट्टी.

"ही मधली जागा कोणाची?" लख्माने विचारले.

"कोणाचीच नाही. कॅमेऱ्याची."

"म्हणजे सरकारी," देवजी म्हणाला.

"सरकारी असली तर मोजणी होईल," लख्मा म्हणाला, आणि दोघांनी एकाच वेळी मान हलवली. मोजणीचा अनुभव दोघांना सारखाच होता.

मग देवजीने शब्दाची आठवण करून दिली. "एकट्याचा फोटो म्हणाला होतात. आता कापा आणि ज्याचा त्याला द्या." त्याने कमरेचा विळा काढून माझ्यापुढे धरला.

आजी एव्हाना काठी टेकत शेताच्या कडेला आली होती. पट्टीबरोबर पिशवीतून काढलेला लॅबचा कागद माझ्या हातात होता. तिने मागितला होता तसा एकच, आणि तो कापला तरच दोघांना दिलेला शब्द पुरा होणार होता. मी विळा घेतला आणि विचारले, "कुठून कापू?"

"रेघेच्या पलीकडून," लख्मा म्हणाला. "रेघ माझी. थोरला मी."

"रेघ माझ्या पायाला लागून हाय," देवजी म्हणाला. "रेघेच्या अलीकडून कापा."

"बरोबर मधून कापू?"

दोघांनी त्या बारीक रेघेकडे पाहिले. "मधून कापली तर उरंल काय तिचं?" लख्मा म्हणाला.

बांधाचेही तेच झाले होते. मी विळा खाली ठेवला.

आजीने माझ्या हातून कागद घेतला आणि नाकाशी धरला. बराच वेळ ती तो डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे नेत होती.

"लख्मा," ती म्हणाली, "तू किती वाळलास रे."

देवजीने टोपी काढून पुन्हा घातली.

"तुमचा निकाल लागला की कागद न्या," आजी म्हणाली. "तोवर माझ्या पेटीत." आणि ती वळून चालायला लागली.

पुढच्या आठवड्यात मी लॅबच्या माणसाशेजारी उभे राहून दोघांचे वेगळे फोटो छापून घेतले आणि शब्द पुरा केला. लख्माने फोटो उलटसुलट करून पाहिला. "चांगला हाय. पण यात रेघ कुठंय?" अर्ध्या तासाने, दुसऱ्या घरात, देवजीने हाच प्रश्न विचारला. दोघांनी ते फोटो परत केले नाहीत, पण खरा कागद पेटीतला, यावर दोघांचे एकमत होते.

त्यानंतर तलासरीकडे जाताना मी झरीत चौकशी करू लागलो. दर अवसेला आजीची पेटी हलायची. आणि आपल्या माघारी महिनाभरात भावाने रेघ खरवडली नाही ना, हे पाहण्यासाठी दुसरा भाऊ त्या दिवशी उंबऱ्यापर्यंत यायचा. कागद काढला जायचा, दोघे वाकून तपासायचे. पहिले काही महिने बाहेर उभ्याने. मग पाणी विचारले जाऊ लागले. मग चहा. पेटी म्हातारीने डोक्यावर न्यायचे बंद झाले, कारण तपासायला आलेला माणूस रिकाम्या हाताने कसा परत जाणार? दरम्यानच्या आवणीला बांधाला कोणाचे फावडे लागले नाही. तो जाड झाला असे मी म्हणणार नाही. बारीक व्हायचा थांबला.

सदर २०१९ मध्ये बंद झाले. पुरवणीची पाने कमी झाली, एवढेच कारण होते. कॅमेरा मी स्वच्छ पुसून जयंतीभाईंच्या कपाटात त्याच्या जागी ठेवला. मालक येऊ शकतो.

त्याआधी शेवटचा रोल संपत आला असताना मी झरीला गेलो. दिवस मुद्दाम अवसेचा निवडला. फिल्मवर एक फोटो उरला होता. सकाळचे ऊन लख्माच्या अंगणात होते. देवजी पेटी न्यायला आला होता, आणि उंबऱ्यापाशी दोघे भाऊ एका कागदावर डोके लावून उभे होते. कोपराला कोपर लागले होते. कॅमेऱ्याच्या खिडकीतून पाहिले, जीभ वर आली नाही. इतका चांगला उजेड आणि इतकी चांगली चौकट माझ्या नोकरीत क्वचित आली असेल.

मी आजीशेजारी वाकून हळूच विचारले, "आजी, आता दोघांचा खरा एकत्र काढू? मधे रेघ नाही येणार."

तिने माझ्या कॅमेऱ्यावर हात ठेवून तो खाली केला.

"नको रे," ती म्हणाली. "रेघ नसली तर अवसेला हे काय तपासायला येतील?"

त्या रोलवरची बहात्तरावी जागा कोरी राहिली.